दोरीखालची तीन बोटं

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या, तिरंदाजीच्या मोठ्या स्पर्धेत सुरुवातीच्या फेरीत प्रत्येक खेळाडू ७० मीटरवरून ७२ बाण मारतो. पुरुष खेळाडूने दोरी पूर्ण खेचली की बोटांवर येणारा भार साधारण ४५ ते ५० पौंडांचा, म्हणजे २० किलोच्या थोडा वर असतो. ७२ बाणांचा हिशेब मांडला तर जवळपास दीड टन. सरावात दिवसाला ३०० बाण सुटले तर सहा टन. हे सगळं ओझं येतं जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या दोरीवर, आणि त्या दोरीला पेलतात तीन बोटं: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका.

तिरंदाजीच्या गप्पांत खांदे, पाठ, श्वास, मनाची एकाग्रता यांवर खूप बोललं जातं. बोटांवर फारसं नाही. नव्या मुलाच्या बोटाला फोड आला की ‘येऊ दे, हात तयार होतोय’ एवढंच त्याला ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. बोट दुखतं म्हणून हौशी मूल बाण मारायचं थांबवत नाही. ते दोरी सोडताना हात चोरायला लागतं. दुखरं पेर वाचवण्यासाठी दोरी झटक्याने सोडणं, ऐनवेळी बोटं ताठ करणं, मनगट बाहेर काढणं या सवयी सुरुवातीच्या दिवसांत लागतात आणि पुढे जाता जात नाहीत. बोटं जपणं हा म्हणूनच माझ्या लेखी कौशल्याचा भाग आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून शिकवायला हवा.

फोड येतो कसा? सुटणारी दोरी कातडीचे वरचे थर आपल्याबरोबर ओढते, खालचे थर जागच्या जागी राहतात, मधे फट पडते आणि तिच्यात पाणी भरतं. तेच घर्षण थोडं थोडं आणि मधे उसंत देऊन झालं तर कातडी जाड होऊन घट्टा पडतो. पातळ आणि एकसारखा घट्टा तिरंदाजाला उपयोगी असतो. पण त्याची कडक गाठ झाली की दोरी तिच्या कडेला अडते आणि घट्ट्याखाली नवा फोड धरतो. म्हणून अंघोळीनंतर मऊ झालेला घट्टा घासून सपाट ठेवतात. फोड आलाच तर तो फोडायचा नाही, तो बरा होईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही.

कातडीपेक्षा खोलवरचं दुखणं जास्त काळजीचं. प्रत्येक बोटाच्या तळव्याकडच्या अंगाला, दोन्ही कडांनी, एकेक बारीक मज्जातंतू टोकापर्यंत जातो. दोरी रोज त्याच जागी रुतली की तो दबतो आणि बोटाच्या टोकाला मुंग्या येतात, स्पर्श बोथट होतो. सराव थांबल्यावर काही वेळात हे ओसरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही शर्टाचं बटण लावताना टोक बधिर लागत असेल तर धनुष्य बाजूला ठेवून डॉक्टर गाठायला हवा. बधिर बोटाला दुखत नाही म्हणून खेळाडू दुप्पट बाण मारतो आणि इजा वाढवून ठेवतो.

बोटांवर घ्यायच्या चामड्याची गोष्ट त्यानंतरची. बोटांचं पहिलं संरक्षण दोरी कुठे धरली यात असतं. नवशिक्याला वाटतं, बोटांच्या टोकांवर हलकेच धरली की दोरी सफाईने सुटेल. होतं उलटं. टोकांवर धरलेली दोरी निसटू नये म्हणून कोपराखालचे स्नायू आवळले जातात, बोटं अर्धवट वाकून थरथरतात आणि सगळा भार पेराच्या मऊ गादीवर येतो. दोरी पहिल्या सांध्याच्या घडीत, किंवा तिच्या किंचित मागे घ्यावी. हाताची मागची बाजू सपाट, अंगठा आणि करंगळी सैल. भार मुख्यतः तर्जनी आणि मधल्या बोटावर, त्यातही मधल्यावर थोडा जास्त. अनामिकेने नुसती साथ द्यायची. असा खोल धरलेला बोटांचा आकडा दिसायला राकट वाटतो, पण हात त्यातच विश्रांती घेतो.

दुसरी गोष्ट धनुष्याच्या लांबीची. दोरी पूर्ण खेचली की ती बोटांपाशी कोनात वाकते. धनुष्य आखूड असेल तर हा कोन टोकदार होतो आणि दोरी बोटांना वरून-खालून चिमटीत धरते. मग तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आतल्या कडा बाणाच्या नॉकवर, म्हणजे दोरीत बसणाऱ्या मागच्या खाचेवर, दाबल्या जातात आणि सोलून निघतात. उंच, लांब हातांचे खेळाडू ६६ किंवा ६८ इंचांऐवजी ७० इंची धनुष्य घेतात त्याचं हे एक कारण. बाणाच्या दोन्ही बाजूंनी बोटं वेगळी ठेवणारा छोटा तुकडा बोटांवरच्या चामडी टॅबवर बसवतात तोही यासाठीच.

टॅब म्हणजे बोटांच्या आतल्या बाजूला धरायचा चामड्याचा सपाट तुकडा, नॉकसाठी मधे चीर दिलेला. मैदानावर सगळे त्याला टॅबच म्हणतात. दोरीकडचा थर गुळगुळीत, कातडीकडचा मऊ. मागे ॲल्युमिनियमची किंवा पितळेची पट्टी असते, म्हणजे प्रत्येक वेळी तो हातात एकाच जागी बसतो. दोरीकडच्या थराला कॉर्डोव्हनची मागणी मोठी. हे घोड्याच्या पुठ्ठ्याचं दाट विणीचं चामडं ताणून सैल पडत नाही आणि वापराने अधिक घोटीव होतं. बोटमोज्यांसारखी तीन टोपणं असलेला चामडी ग्लोव्हही काही जण पसंत करतात, विशेषतः साध्या लाकडी धनुष्यावर. ग्लोव्ह घालून पाणी पिता येतं, झुडपात पडलेला बाण उचलता येतो. पण त्याच्या तिन्ही टोपणांत दोरीचे वेगवेगळे खळगे पडतात. टॅबवर दोरीला एकच सलग पृष्ठभाग मिळतो, म्हणून निशाणाच्या स्पर्धेत टॅबच भारी पडतो.

टॅब किती जाड हवा, यावर तिरंदाजांचे वाद कधी संपत नाहीत. पातळ टॅबमधून दोरी नेमकी कुठे आहे ते बोटाला कळतं, पण ती रुततेही. जाड टॅबने रुतणं थांबतं, पण दोरी कुठे आहे याचा अंदाज सुटतो. मग खेळाडू ती अधिकच आवळून धरतो. माझं मत असं, की दुखणं अगदी नाहीसं होईल एवढा जाड टॅब घेऊ नये. दाब जाणवावा, टोचू नये. २० किलोला कमी पडणाऱ्या टॅबवर आणखी थर चढवण्याआधी, हे २० किलो आपल्याला सध्या झेपतात का, हे विचारावं. शिकाऊ मुलाला १५-२० पौंडांचं धनुष्य पुरतं. दिसायला ते लुटुपुटुचं वाटतं खरं, पण घाईने ताण वाढवला की आधी बोटं तक्रार करतात आणि मग खांदा.

मापही तितकंच महत्त्वाचं. आकडा केल्यावर टॅब बोटांच्या टोकांपुढे अगदी थोडा यावा. जास्त लोंबणारं चामडं सुटताना दुमडतं आणि दोरीला अडवतं. आखूड पडलं तर दोरीचा शेवटचा फटका उघड्या कातडीवर बसतो. विकत आणलेला टॅब बहुधा मोठाच असतो. तो एकदम कापायचा नाही. थोडा कातरायचा, वीस-तीस बाण मारायचे, पुन्हा पाहायचं.

एवढी कापाकापी कशासाठी, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर बाण कसा सुटतो त्यात आहे. बोटं सैल झाली तरी दोरी सरळ पुढे जात नाही. ती आधी बोटांच्या टोकांवरून घरंगळते, म्हणजे बाजूला सरकते, आणि मग पुढे धावते. या बाजूच्या धक्क्याने बाण आडवा लवतो आणि माशासारखा डावीउजवीकडे वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही, वेगवान कॅमेऱ्याला दिसतं. टॅबचं चामडं बदललं, ओलं झालं, त्यावर खळगा पडला की दोरी घरंगळायला लागणारा वेळ बदलतो, वळवळ बदलते, आणि ७० मीटरवर बाणांचा पुंजका हलतो. तिथल्या १२२ सेंटिमीटरच्या निशाणावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचं असतं. बोट वाचवणारी वस्तू अशी थेट नेमावर परिणाम करते. आपल्या पावसाळी हवेत तर टॅब घामाने आणि दमटपणाने फुगतो. खिशात टाल्कम पावडर ठेवणारे खेळाडू हौसेने ठेवत नाहीत.

तीन बोटांनी दोरी ओढण्याची ही पद्धत युरोपात रुजलेली, म्हणून तिला भूमध्य सागरी पद्धत म्हणतात. हे नाव एडवर्ड मोर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने रूढ केलं. जपानमध्ये काम करताना त्याला तिथली धनुष्य ओढण्याची वेगळी तऱ्हा दिसली आणि १८८५ मध्ये त्याने जगभरच्या पद्धतींची वर्गवारी प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये त्याच्या कितीतरी आधी, १५४५ मध्ये, रॉजर ॲस्कम याने ‘टॉक्सोफिलस’ हा तिरंदाजीवरचा ग्रंथ छापला. त्यात तिरंदाजीचा हातमोजा आणि मनगटाचा पट्टा यांवर त्याने स्वतंत्रपणे लिहिलं आहे. हातमोजा असेल तरच माणूस दोरी पूर्ण ताकदीने ओढू शकतो, हे त्याने नेमकं ओळखलं होतं. त्याच वर्षी आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं. त्यातून शंभराहून अधिक धनुष्यं, हजारो बाण आणि चामड्याचे मनगटपट्टे मिळाले. अभ्यासकांच्या अंदाजाने त्यांतल्या बहुतेक धनुष्यांचा ताण १०० पौंडांच्या वर, काहींचा दीडशेच्याही पुढे होता. आजच्या ऑलिंपिक खेळाडूच्या दुप्पट-तिप्पट भार त्याच तीन बोटांवर! शत्रूलाही या बोटांची किंमत ठाऊक होती. १४१५ च्या अजिंकूरच्या लढाईआधी इंग्लंडच्या पाचव्या हेन्री राजाने आपल्या सैनिकांना सांगितलं, की पकडलेल्या तिरंदाजांच्या उजव्या हाताची तीन बोटं छाटू अशी फ्रेंचांनी बढाई मारली आहे. ज्याँ द वाव्रँ या इतिवृत्तकाराने तशी नोंद केली आहे.

आशियात मात्र भार अंगठ्यावर घेतला गेला. घोड्यावरून वापरायची शिंग आणि कंडरांची जोडधनुष्यं आखूड असत. पूर्ण ताणावर त्यांची दोरी इतक्या टोकदार कोनात येई की तीन बोटं तिच्यात चेचली जावीत. अंगठ्याचा आकडा करून तर्जनीने तो वरून अडकवला की दोरी एकाच बिंदूवर धरली जाते. पण मग ५०-६० पौंड एका अंगठ्याच्या गादीवर येतात, आणि तिथे नुसतं चामडं अपुरं पडतं. त्यातून अंगठ्याची कडी आली: हाडाची, शिंगाची, हस्तिदंताची, धातूची, जेड दगडाची. चीनमध्ये आन्यांगला १९७६ मध्ये फू हाओ या शांग राजघराण्यातल्या राणीची कबर उघडली, तिच्यात जेडची अशी कडी मिळाली. ती ३,००० वर्षांहून जुनी आहे. तुर्कस्तानातल्या कडीला पुढे जिभेसारखा ओठ असतो आणि आतून कातडी सांभाळायला चामड्याचा लहान पडदा. मांचू लोकांची कडी साध्या नळकांड्यासारखी. पुढे चीनमध्ये ती मिरवायचा दागिना झाली. मुघल दरबारातही तेच घडलं. शाहजहानची पदवी कोरलेली जेडची कडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

कडी बसवण्याची युक्ती मला फार आवडते. ओठाची कडी गोल नसते, लांबट असते. आडवी धरून पेरावरून सरकवायची आणि मग पाव फेरा फिरवायची, म्हणजे ती सांध्याआड अडकते. सैल कडी बाणापाठोपाठ उडून जाते, घट्ट कडी अंगठा सुजवते. आज ही पद्धत शिकणारे अंगठ्याला मेण किंवा ओली माती लावून साचा घेतात ते यामुळेच.

क्यूदो या जपानी तिरंदाजीत कडीचं काम हरणाच्या कातड्याचा युगाके नावाचा हातमोजा करतो. त्याचा अंगठा आतून लाकडाने किंवा शिंगाने कडक केलेला असतो आणि बुडाशी दोरी बसायला खाच असते. आत सुती अस्तर घालतात, घाम कातड्यात मुरू नये म्हणून. अंगठा आणि बोटं निसटू नयेत यासाठी वरून राळेची पूड लावतात.

आपल्याकडच्या ग्रंथांत या साधनांचे उल्लेख अचूक आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या ७५ व्या सूक्तात शस्त्रांची स्तुती आहे, तिच्यात दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणारा हस्तघ्नही येतो. रामायण-महाभारतातले योद्धे घोरपडीच्या कातड्याचं अंगुलित्राण बांधून निघतात. चिवट आणि दाणेदार कातडं म्हणून घोरपडीची निवड झाली असावी. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज ती वापरता येणार नाही, आणि वापरायची गरजही नाही. विराटपर्वात अज्ञातवासाला निघालेल्या अर्जुनापुढची अडचण तर कुठल्याही तिरंदाजाला लगेच कळेल: दोरीच्या माराने हातांवर पडलेले मोठे घट्टे लपवायचे कसे? त्याने बांगड्या भरल्या. दोन्ही हातांवर, कारण तो सव्यसाची होता. दोन्ही हातांनी बाण सोडणाऱ्याला व्रणही दोन्हीकडे.

आणि एकलव्य. द्रोणांनी त्याचा उजवा अंगठा मागितला, त्याने तो दिला, हे प्रत्येक मराठी मुलाला माहीत असतं. पुढचं क्वचितच सांगितलं जातं. महाभारत म्हणतं की त्यानंतर तो बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीइतका चपळ राहिला नाही. शरीराच्या दृष्टीने पाहिलं तर हे वर्णन अगदी खरं वाटतं. अंगठा गेला तरी तर्जनी-मधल्या बोटांनी धनुष्य ओढता येतं, आजचे सगळे रिकर्व्ह खेळाडू अंगठा दोरीला न लावताच खेळतात. पण अंगठ्याच्या पद्धतीवर घडलेल्या हाताला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. भिल्ल तिरंदाज एकलव्याच्या आठवणीने तीरकामठ्याच्या दोरीला अंगठा लावत नाहीत असं सांगतात. ही श्रद्धा आपल्या जागी आदराची. माझ्या दृष्टीने तिच्यामागे बोटांनी ओढायची एक स्वतंत्र, पुरती जमलेली पद्धत उभी आहे, आणि तिचंही कौतुक व्हायला हवं.

महाराष्ट्राची आजची मोठी नावं बघितली तर बोटांचा प्रश्न दोन प्रकारे सुटलेला दिसतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह खेळला. त्याची बोटं टॅबमागून थेट दोरीवर. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, ते टोकांना चाकं असलेल्या कंपाउंड धनुष्यावर. तिथे दोरीला बोट लागतच नाही. रिलीज नावाचं हातात धरायचं छोटं यंत्र दोरीच्या फासाला अडकवतात आणि कळ दाबून सोडतात. दोरी घरंगळत नाही, बाण आडवा वळवळत नाही. चाकांमुळे पूर्ण ताणावर हातातला भारही बराच कमी होतो. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले त्यात त्याची साधना आहेच, आणि बोटांना या खेळातून वगळणाऱ्या यंत्राचाही वाटा आहे. हे म्हणण्यात कमीपणा नाही. दोन्ही खेळ वेगळे आहेत. रिकर्व्हच्या नियमांत असलं यंत्र चालत नाही. टॅब, ग्लोव्ह, चिकटपट्टी चालते. दोरी धरायला किंवा सोडायला मदत करणारं काहीही चालत नाही.

रिलीज वापरायला हातच लागतो असंही नाही. जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाडच्या शीतल देवीला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते आणि दोरी खांद्यावर बांधलेल्या रिलीजने ओढते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने राकेश कुमारबरोबर कांस्यपदक मिळवलं.

दुसऱ्या हाताचंही थोडं सांगायला हवं. धनुष्य धरलेल्या हाताच्या कोपराखाली दोरीचा फटका बसला तर निळा-जांभळा पट्टा उठतो. त्यासाठी हातावर बांधायचा आर्मगार्ड लागतो, आणि कोपर किंचित बाहेरच्या बाजूला फिरवून धरायची सवय. लाकडी किंवा बांबूच्या धनुष्यावर बाण मुठीवरून जातो तेव्हा पिसाच्या देठाचं पुढचं टोक तर्जनीच्या सांध्यावर सुरीसारखं चालतं. पिसाच्या पुढच्या टोकाशी बारीक दोरा गुंडाळून वर डिंकाचा थेंब दिला की हे थांबतं. आपल्याकडे इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात हजारो मुलं बांबूच्या धनुष्यावर खेळ शिकतात आणि घरच्यांना महागडा टॅब परवडेलच असं नाही. चांभाराकडून चांगल्या, घट्ट चामड्याचा दुहेरी तुकडा कापून घेतला, एक बाजू घोटून गुळगुळीत केली, मधे नॉकची चीर आणि बोट अडकवायला गाठ दिली, तर तो सुरुवातीला उत्तम चालतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मात्र नको. रबर दोरीला चिकटतं, आणि सुटताना अडखळलेली दोरी बोटाला आणि बाणाला दोघांनाही त्रास देते.

टॅब एक असून भागत नाही. नव्या टॅबवर दोरी पहिले शे-दोनशे बाण वेगळ्याच वेगाने सुटते, त्यामुळे स्पर्धेच्या सकाळी पाकीट फोडून काढलेल्या टॅबवर भरवसा ठेवता येत नाही. जाणते खेळाडू एकाच चामड्याचे, एकाच मापाचे दोन टॅब जोडीने वापरात ठेवतात, दोन्हींवर सारखे बाण मारतात आणि दुसरा कोरड्या पिशवीत घालून भात्याला अडकवतात. पाऊस आला, पहिला भिजला, तर पुढच्या फेरीआधी तो बदलायला पुरेसा वेळ असतो.